पुढचं कडवं

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. तीन लेख आणि त्यांना टाचलेली चिठ्ठी: 'बाई, आवडत्या कविता आणि घरातलं रोजचं जगणं असं मिळून काहीतरी लिहावं, हे फार दिवस मनात आहे. जमतंय का ते स्पष्ट सांगा.' तिन्ही लेख मी दोनदा वाचले. पहिल्यांदा दुपारी, मनातल्या मनात. दुसऱ्यांदा रात्री जेवणं आवरल्यावर मोठ्याने, ह्यांना ऐकवत. हे मध्येच दोन ठिकाणी 'पुन्हा वाच' म्हणाले. दोन्ही ठिकाणं तुझ्या घराबद्दलची होती, कवितेबद्दलचं एकही नव्हतं. त्यामुळे पत्र लांबणार आहे, सवडीने वाच.

पहिला लेख बाबांच्या निवृत्तीचा. नोकरी संपल्यानंतरचा पहिला सोमवार. आई सवयीने पहाटे उठली, कणीक मळली, आणि आता डबा कुणाचा भरायचा म्हणून ओट्याशी नुसती उभी राहिली. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा रात्री घासून पालथा घातलेला, तो तसाच पालथा राहिला. काय सुंदर लिहिलं आहेस! पण तुला वाटलं, कवितेविषयीचं लिखाण आहे म्हणजे कविता हवीच. म्हणून शेवटी बहिणाबाईंच्या त्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ओळी आल्या, ताटावर कोथिंबीर भुरभुरावी तशा. त्या काढून टाकल्या तरी लेखाचं काही अडत नाही, हे तू स्वतःच करून बघ.

आता त्या ओळींविषयी. मी जळगावची, आसोदं इथून जवळ, बहिणाबाईंचं माहेर. आमच्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. तू लिहिलंस 'तंव्हा मिळते भाकर'. बाईंनी म्हटलं आहे,

आधी हाताला चटके
तंव्हा मियते भाकर

हा 'य' दुरुस्त करण्याची चूक नाही. तो त्या बाईचा आवाज आहे. आपल्या आईचं बोलणं कुणी खोडून 'शुद्ध' करून छापलं तर जसं वाटेल, तसं मला ते 'मिळते' वाचताना दर वेळी वाटतं. तेव्हा पहिली गोष्ट, कविता छापील पुस्तकातून उतरवून घे, फोनवर फिरत आलेल्या चित्रातून नको. तिथे कुसुमाग्रजांच्या आणि पु. लं.च्या नावावर कुणाच्याही ओळी फिरत असतात.

पण 'मियते'पेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. सगळे तिथेच थांबतात. लग्नपत्रिकेत, निरोपसमारंभात, भिंतीवरच्या पाटीवर एवढंच कडवं असतं, आणि त्याचा अर्थ होतो: संसारात चटके बसायचेच, बसू द्या. बहिणाबाई तिथे थांबलेल्या नाहीत. पुढचं कडवं आहे,

अरे संसार संसार
खोटा कधी म्हनू नहीं
राउळाच्या कयसाले
लोटा कधी म्हनू नहीं

आणि त्याच्या पुढे,

अरे संसार संसार
नहीं रडनं कुढनं
येड्या, गयांतला हार
म्हनू नको रे लोढनं

लोढणं म्हणजे काय, ते तुम्हां शहरातल्या मुलांना सांगायला हवं. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. जनावर धावायला लागलं की तो पायांत येतो आणि त्याला धावता येत नाही. हे 'संसाराला लोढणं म्हणू नको' कुणी म्हटलं? वयाच्या तिशीत नवरा गेलेल्या बाईने, मुलं पदरात आणि शेतीचं काम डोक्यावर असलेल्या बाईने. सुखाच्या माणसाने हे म्हटलं असतं तर त्याला काही किंमत नव्हती. तिने म्हटल्यावर ते वाक्य वेगळंच होतं. चुलीच्या तव्यापासून निघालेली कविता देवळाच्या कळसापर्यंत जाते, मग परत खाली येऊन गुराच्या गळ्याशी थांबते. आपण मात्र तव्यापाशीच हात भाजून घेतो आणि निघून जातो.

आणि मुली, तू आईच्या बाबतीतही नेमकं हेच केलंस. तुझ्या लेखात आई 'आयुष्यभर सोसत आली'. हे पहिलं कडवं झालं. त्याच लेखात एका ओळीत, ओझरतं, तू लिहून गेलीस की त्या सोमवारी दुपारी आईने कपाटातून भिशीची वही काढली, बाबांना चष्मा लावायला लावला आणि आठ महिन्यांचा हिशेब त्यांच्याकडून तपासून घेतला; बाबा चुकले तेव्हा ती हसली. हे पुढचं कडवं आहे! ते एका ओळीत का उरकलंस? सोसणारी आई लिहायला सोपी असते, तिच्यासाठी शब्द तयार मिळतात. भिशीची वही घेऊन नवऱ्याच्या बेरजेत चूक काढणारी आई फक्त तूच लिहू शकतेस.

तुझ्या कामाविषयी मला जे सांगायचं आहे, ते सगळं यातच आहे. कवितेचं पुढचं कडवं वाच, आणि माणसाचंही. लेख आपोआप होईल असं म्हणत नाही, पण खोटा होणार नाही.

निवृत्तीच्या लेखाला कदाचित कविता नकोच. असाही लेख असू दे. कविता येते तेव्हा हाक मारल्याशिवाय येते. मी भुसावळच्या शाळेत होते तेव्हा रोज पॅसेंजरने जात असे. वाटेत भादली स्टेशन लागतं. 1918 साली तिथेच बालकवी रेल्वेखाली सापडून गेले, वय अवघं सत्तावीस. भादली आलं की मी मुद्दाम, ठरवून, 'औदुंबर' आठवायची. आदर म्हणून. ठरवून आठवलेल्या त्या कवितेने मला कधी काही दिलं नाही. पुढे माझे वडील निवृत्त झाले. मे महिना, जळगावचं ऊन तुला ठाऊक आहे. ते दुपारी परसदारी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून, बादलीभर पाण्यात दोन्ही पाय सोडून बसायचे. पेपर मांडीवर, वाचत नसायचे. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं,

पाय टाकुनि जळात बसला
असला औदुंबर

त्यांनी मान वर करून विचारलं, 'काय म्हणालीस?' मी म्हटलं, 'काही नाही.' त्या आठ ओळींत निळासावळा झरा आहे, चार घरांचं चिमुकलं गाव आहे, शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी आहे, पांढरी पायवाट आहे, आणि सगळ्याच्या शेवटी हा एक जण पाण्यात पाय सोडून गप्प बसलेला. तो उदास आहे की शांत, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. वडील उदास होते की शांत, तेही मला कळलं नाही. ते मी कधी विचारलं नाही याचं वाईट वाटतं. त्या दुपारनंतर मात्र ती कविता माझी झाली.

दुसरा लेख भाचीचा. वर्गातल्या मुलींनी बुटांवरून हसून घेतलं म्हणून रडत घरी आलेली आठ वर्षांची पोर. तू कवी 'बीं'च्या 'माझी कन्या'तल्या ओळी घेतल्यास, 'गाइ पाण्यावर काय म्हणुनि आल्या, का ग गंगायमुनाहि या मिळाल्या'. कविता अगदी योग्य निवडलीस, म्हणूनच जास्त बोलते. आपल्याकडे मूल रडायला लागलं की अजूनही 'आल्या बघा गंगायमुना' म्हणतात. कविता इतकी घरातली झाली की कवीचं नावही राहिलं नाही. आणि त्या माणसाने तर आधीच स्वतःचं नाव एका अक्षरात लपवलं होतं. नारायण मुरलीधर गुप्ते, 1872 ते 1947. वऱ्हाडातल्या सरकारी कचेरीत कारकुनी केली, आयुष्यभरात मोजक्या कविता लिहिल्या. 'फुलांची ओंजळ' निघाली ती 1934 साली, म्हणजे साठी उलटल्यावर.

तुझ्या लेखात मावशीने भाचीला जवळ घेतलं, कवितेतला बापही लेकीला जवळ घेतो, दोन्ही प्रेमळ, लेख संपला. पण कविता जरा थांबून वाच. मुलगी रडत आली कारण श्रीमंताघरच्या मुली तिला पाहून 'भिकारीण' म्हणाल्या. बाप आधी लाडाने समजूत काढतो, तिच्या रूपाचं कौतुक करतो. मग हळूहळू त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. लेकीची समजूत घालताघालता त्याचा स्वतःचाच प्रश्न वर येतो: ही गरिबी आमच्याच वाट्याला का? तो म्हणतो, मी देवाच्या घरी जाऊन त्यालाच विचारतो. हे मोठ्यांचं बोलणं आहे, भयंकर बोलणं आहे. आणि लेकीला त्यातलं काय कळतं? एवढंच, की बाबा गावाला निघाले. शेवट असा आहे,

गावि जातो, ऐकता त्याच काली
पार बदलुनि ती बालसृष्टि गेली
गळा घालुनि करपाश रेशमाचा
वदे, 'येते मी' पोर अज्ञ वाचा

रडणं कुठल्या कुठे गेलं. बाबांबरोबर गावाला जायचं! मी ही कविता वर्गात शिकवताना या चार ओळींशी दर वर्षी अडखळत असे. बाप कुठे जायचं म्हणतो आहे, ते वाचणाऱ्याला कळतं, पोरीला कळत नाही, आणि तिचे हात त्याच्या गळ्यात पडलेले असतात. घर म्हणतात ते हेच. मोठ्यांच्या काळजीला मुलांनी दिलेलं चुकीचं उत्तर, आणि तेच नेमकं हवं असलेलं.

आता तुझ्या बहिणीकडे बघ. भाची रडत आली त्या संध्याकाळी तिची आई, म्हणजे तुझी ताई, फोनवर बुटांच्या किमती बघत बसली होती, हे तू लिहिलं आहेस. तिच्या मनात काय चाललं होतं? महिन्याची वीस तारीख होती, हेही तूच लिहिलं आहेस. त्या दोन वाक्यांच्या मध्ये 'माझी कन्या' कविता उभी आहे. तू ती भाचीच्या बाजूने वाचलीस. ती आईबापांच्या बाजूने लिहिलेली आहे.

आणि भाचीच्या शाळेचं नाव काढून टाक. बुटांचा रंगही काढ. ही मुलगी दहा वर्षांनी हा लेख वाचेल. तेव्हा तिला आधी दिसेल ते हे, की त्या दिवशी मी रडत होते आणि मावशीने ते सगळ्यांना सांगितलं. आठ वर्षांच्या मुलाला 'लिहू का?' विचारलं तर ते 'हो' म्हणतं, पण त्या 'हो'वर आपण विसंबायचं नसतं.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून घडलं आहे. सासूबाईंना शेवटची तीन वर्षं विस्मरण झालं होतं. गुळाचे खडे फडक्यात बांधून त्या ट्रंकेत लपवायच्या, गेलेल्या माणसांना जेवायला हाका मारायच्या. मी त्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला, सोबत म्हातारपणावरची एक कविता. लेखाचं कौतुक झालं, पत्रं आली. मग शेजारच्या एका बाईंनी प्रेमापोटी तो अंक आणून सासूबाईंनाच वाचून दाखवला. त्यांचा तो दिवस नेमका चांगला होता, सगळं समजण्याचा. त्या मला एवढंच म्हणाल्या, 'माझी ट्रंक तू चौकात नेऊन उघडलीस ग.' नंतर त्यांनी गूळ लपवणं सोडलं नाही, पण मी खोलीत आले की ट्रंकेवर बसून राहायच्या. त्यानंतर मी घरातल्या कुणावरही लिहिलं की आधी त्या माणसाला वाचून दाखवते, आणि 'नको' म्हटलं की कपाटात ठेवते. चार लेख आहेत तसे. त्यातला एक माझ्या सगळ्यात चांगल्या लेखांपैकी आहे. तो कपाटातच राहणार.

तुझ्या तिन्ही लेखांत आई सारखी स्वयंपाकघरात ये-जा करते. तेव्हा विंदा करंदीकरांची 'झपताल' वाच. पूर्ण कविता देत नाही, पुस्तक मिळवून वाच. पहाटेपासून घरभर झपाझपा वावरणाऱ्या बायकोवर नवऱ्याने लिहिलेली ही कविता. तिच्यात उगवता सूर्य येतो, पण तो तिला कशासाठी हवा असतो? दोरीवरची तीन मुतेली वाळवायला. मराठी कवितेत सूर्यावर हजारो ओळी असतील, त्याला असं कामाला लावणारी मला दुसरी माहीत नाही. कवीची स्वप्नं मांजरासारखी तिच्या पायात लुडबुडतात, ती त्यांना मानेला धरून बाजूला करते. झपताल दहा मात्रांचा. संसाराची खोली दहा फुटी. आणि त्यात ती दिवसाच्या चोवीस मात्रा बसवते. ही किमया आपल्याला अजून समजलेली नाही, असं कबूल करून कवी थांबतो.

आमचे हे ही कविता फार छान म्हणतात. एका दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींसमोर त्यांनी ती म्हटली. मी आत चकल्या तळत होते. शब्द ऐकू येत होते, मग टाळ्या ऐकू आल्या, मग कुणीतरी दारातून डोकावून आणखी चहा होईल का म्हणून विचारलं. रात्री मी ह्यांना म्हटलं, कविता सुंदर म्हटलीत, पण ती स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायला हवी होती. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा ते करू लागले. आज 19 वर्षं झाली, अजून तेच करतात. मी या गोष्टीवर कधी लिहिलं नव्हतं. आज ह्यांना विचारून तुला लिहिते आहे.

'झपताल'वर लिहायचं ठरवलंस तर आधी एक आठवडा वहीत आईच्या वेळा टाक. कधी उठली, कधी पहिल्यांदा बसली, बसल्यावर किती मिनिटांनी उठली. नुसते आकडे. मग पेन उचल.

कविता आपल्या घरावर बेतायची घाई करू नये, हे मला वर्गात कळलं. शांता शेळक्यांची 'पैठणी' शिकवून झाली होती. फडताळातलं गाठोडं, त्याच्या तळाशी जपून ठेवलेली आजीची पैठणी, तिच्याभोवती दरवळणारा तो सूक्ष्म वास. मुली अगदी गप्प होऊन ऐकत होत्या. त्या भरात मी निबंध दिला: 'माझ्या आजीची पैठणी'. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एका मुलीच्या वहीत दोनच वाक्यं होती. 'माझ्या आजीकडे पैठणी नव्हती. तिच्या लुगड्याला केळीच्या चिकाचे डाग होते आणि ते निघत नाहीत.' तिची आजी केळीच्या बागेत मजुरीला जात असे. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो काळा डाग आयुष्यभर राहतो, हे जळगाव-रावेर भागात पोरासोरांना माहीत असतं. मला माहीत होतं. आणि तरी पैठणी प्रत्येक आजीकडे असणार, असं मी धरून चालले होते. मी त्या मुलीला पूर्ण गुण दिले, पण त्याने माझी चूक फिटली नाही. विषय देतानाच मी वर्गातल्या निम्म्या घरांचं दार लावून घेतलं होतं. तू लिहिशील तेव्हा तुझ्या वाचकांत ती मुलगीही असेल, हे लक्षात ठेव.

उलटंही होतं, बरं का. कविता आपल्या घराशी जुळत नाही म्हणून ती आपली नव्हे, असं नसतं. माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या येत. खुर्चीवर बसवून 'म्हण' म्हटलं की 'मला कुठे काय येतं' म्हणायची. एकदा मी तिच्या हातात सूप दिलं, त्यात पसाभर गहू टाकले आणि गप्प बसले. हात हलायला लागले तशी ती म्हणू लागली, 'सरलं दळण, माझ्या सुपात पाच गहू, देवानं दिले मला पाच पांडव भाऊ.' मी म्हटलं, 'आई, मामा तर तीनच.' ती म्हणाली, 'ओवीत पाच.' आणि पुढची ओवी सुरू केली. मी एवढी मराठीची शिक्षिका, पण कविता आणि घर यांचं नातं याहून नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

तुझी आजी आहे. तिला विचार. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांना आपलं काही लिहून ठेवण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नव्हतं, त्यांच्या त्या ओव्या. बहिणाबाईंचं तरी काय झालं असतं? त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ पितांबर यांनी गाणी ऐकता ऐकता वहीत उतरवली. बाई 1951 साली गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, 'हे तर बावनकशी सोनं आहे' म्हणून अत्रे उद्गारले, आणि 1952 साली पुस्तक आलं. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण मला विद्यापीठापेक्षा त्या वहीचं मोल जास्त वाटतं. घरातल्या एका मुलाला वाटलं, आई काम करता करता जे गुणगुणते ते लिहून ठेवावं. तुझ्या फोनमध्ये आवाज साठवण्याची सोय आहे. आजीला खुर्चीवर बसवू नकोस, तिच्या हातात काहीतरी काम दे.

एक व्यवहाराची गोष्ट थोडक्यात. आपल्या कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कवितेचा हक्क त्याच्या वारसांकडे असतो. तुकोबा, जनाबाई, बालकवी, कवी बी, बहिणाबाई यांच्या कविता पूर्ण दिल्यास तरी हरकत नाही. इंदिरा संत, शांताबाई, विंदा, सुर्वे यांच्या दोनचार ओळीच घे आणि पुस्तकाचं नाव दे, म्हणजे वाचणारा पुस्तकापर्यंत जाईल. सगळी कविता तूच देऊन टाकलीस तर तो कशाला जाईल? ओळी जिथे तुटतात तिथेच तोड, सलग करू नकोस.

आता तिसरा लेख, धाकट्या ताईच्या लग्नाचा. हा तिन्हींत कच्चा आहे आणि याच्यातच सगळ्यात चांगलं काहीतरी दडलेलं आहे. तू लिहिलंस, 'सासरी निघालेल्या मुलीचं दुःख तुकोबांनी असं मांडलं आहे.' आणि अभंगाचं पहिलं चरण दिलंस.

कन्या सासुऱ्यासी जाये
मागें परतोनी पाहे
तैसें जालें माझ्या जीवा
केव्हां भेटसी केशवा

पुढचे दोन चरण तू वाचलेस का? तुकोबा मुलीचं दुःख सांगत नाहीत, स्वतःचं सांगतात. विठ्ठलाच्या भेटीवाचून जीव कसा होतो ते सांगायला त्यांना काहीतरी हवं होतं. आणि त्यांना आठवलं काय? दारात वळून पाहणारी मुलगी. पुढे आईपासून चुकलेलं, हुरूहुरू पाहणारं लेकरू येतं, पाण्याबाहेरची मासळी येते. पण आधी ती मुलगी. देहूच्या कुठल्यातरी उंबऱ्यावर त्यांनी ते वळून पाहणं पाहिलं असणार, नाहीतर 'परतोनी' हा शब्द तिथे आला नसता. घरातलं एक साधं दृश्य त्यांनी देवापर्यंत नेलं. आपण लग्नाच्या मांडवात ते देवाकडून परत घरी आणतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण तुझ्या लेखात दोन्ही दिसायला हव्यात.

तुझ्या लेखात सगळे रडतात. आई रडते, काकू रडते, फोटोग्राफरही डोळे पुसतो. ताई काय करते? ती गाडीत बसते. आणि मग, कंसात, हो, कंसात तू लिहिलं आहेस: (फोनचा चार्जर राहिला म्हणून ती उतरून पुन्हा आत आली आणि दोन मिनिटांनी परत गेली.) मुली, हेच तर 'मागें परतोनी पाहे'! ह्यांनी 'पुन्हा वाच' म्हटलं, त्यातली एक जागा हीच. ती दोन मिनिटं आत काय करत होती? चार्जर तिच्या खोलीत होता की स्वयंपाकघरात? तू आत गेलीस का तिच्यामागे? कंस काढ, चार्जर लेखाच्या मधोमध आण, फोटोग्राफरला रजा दे. आणि तुला ठाऊक नसलेलं रचू नकोस, ताईलाच विचार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ताई माहेरी येईल ना? आमच्याकडे तरी लेकी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुण्यात झोका नसला तरी गच्ची असेल. तेव्हा निवांत विचार, मग लेख पुन्हा लिही, तिला वाचून दाखव, आणि तिने 'हो' म्हटलं तर मला पाठव.

सोबत दोन पुस्तकं पार्सलने धाडते आहे. 'फुलांची ओंजळ' तुझ्याकडेच राहू दे. बहिणाबाईंची गाणी मात्र वाचून परत कर. त्यात 'आखजी'च्या पानात कडुनिंबाची वाळलेली डहाळी आहे, आईने ठेवलेली. पान उलटताना तेवढी सांभाळ, आता हात लागला की चुरा होतो.

तुझी,
बाई